लिटल हॅनाचे भागधारक

१

दुपारची तीनची कॉफी झाली की ऑरिन टेबल दोनदा पुसायचा, आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. नंतर साबणानं हात धुऊन दोन्ही बाजूंनी माझ्यापुढे धरायचा.

"चालतील का, कारकूनबाई?"

मी चालतील म्हटलं की मगच कपाटावरची हिरवी वही खाली यायची.

आमच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. लग्न केलं तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते आणि तो चौसष्टचा. त्याची पहिली बायको वारली होती. मी तोवर कुणाची बायको झाले नव्हते. एकतीस वर्षं काउंटीच्या नोंदणी कचेरीत काढली. जमिनी, खाणींचे दावे, जन्म, लग्नं, मृत्यू, सगळं माझ्या हाताखालून गेलं. ऑरिननं शाळेची बस चालवली. आमच्या मर्सी फ्लॅट गावातलं चाळिशीच्या आतलं प्रत्येक माणूस कधी ना कधी त्याच्या बसमध्ये ओकलेलं आहे, असं तो अभिमानानं सांगायचा.

वहीत शेअरची सर्टिफिकेटं होती. १९०६ साली आमच्या या उजाड कोपऱ्यात सोन्याच्या अकरा कंपन्या निघाल्या. सोनं लागलं दोघींना. कागद मात्र अकराही जणींनी देखणे छापले. हिरवी वेलबुट्टी, सोनेरी शिक्का, खाली अध्यक्षाची आणि सचिवाची सही. देशभरच्या शिंपिणींनी, दंतवैद्यांनी, पाद्र्यांनी ते विकत घेऊन उशाशी ठेवले. आता त्या कागदांचे शौकीन आहेत, आणि ऑरिन त्यातला पक्का. त्यातही त्याचा जीव एकाच कंपनीवर होता, लिटल हॅना गोल्ड मायनिंग कंपनीवर. तिच्या कागदावर दिवा घेऊन बसलेली एक बाई आहे आणि तिच्या मागे बर्फाचा डोंगर. असा डोंगर अख्ख्या नेवाडात नाही. ऑरिन म्हणायचा, "छापणाऱ्यानं फिलाडेल्फियात बसून काढलाय. बिचाऱ्यानं आपली धूळ कधी खाल्ली नसणार."

त्याच्याकडे लिटल हॅनाची अडतीस सर्टिफिकेटं होती. सगळी रद्द झालेली. कुणी शेअर विकला की कंपनी जुना कागद परत घ्यायची आणि सचिवाच्या सहीवर पंच मारायची. प्रत्येक कंपनीच्या पंचाची तऱ्हा वेगळी. हिची तीन भोकं ओळीत, मधलं केसभर खाली. बिनभोकाचा कागद मिळाला तर शौकीन तिप्पट पैसे मोजतात, पण लिटल हॅनाचा बिनभोकाचा कागद कुणी पाहिलेला नव्हता.

ऑरिन भिंगातून बघायचा आणि मी प्रत्येक कागदाचं एक कार्ड लिहायचे. क्रमांक, तारीख, कुणाच्या नावे, कुठे फाटलंय, भोकं किती. त्या टेबलाशी मी जेवढी सुखी होते तेवढी आधीच्या साठ वर्षांत कधी नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकताना तुम्हांला वाटेल की आमचं काहीतरी बिनसलं होतं. काहीही बिनसलं नव्हतं.

२

सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. एकशे बारा क्रमांकाचा कागद उलगडून ऑरिन म्हणाला, "नोला, हे कार्ड वाच बघू."

मी वाचलं. "क्रमांक एकशे बारा. चार मार्च एकोणीसशे सात. मिसेस ऑगस्टा व्हेंटलँड, डेन्व्हर. उजवा कोपरा दुमडलेला. भोकं तीन."

"किती?"

"तीन."

त्यानं कागद माझ्यासमोर सरकवला. सचिवाची सही स्वच्छ, सलग होती. भोक नव्हतं.

"चुकली!" तो खुर्चीतून उठलाच. "देवा, कारकूनबाई चुकली! आजची तारीख काय? मी चर्चला घंटा वाजवायला सांगतो."

मी हसले. कार्ड खोडून 'भोकं नाहीत' असं लिहिलं. पण त्या दिवशी भांडी घासताना माझं लक्ष लागेना. कचेरीत एकतीस वर्षांत माझी एक चूक सापडली होती, 'हॅन्सेन'चं 'हॅन्सन' झालं होतं. तीन भोकं असताना नाहीत, असं एखाद्या वेळी होईल. थकलेला डोळा चुकतो. पण नसलेली भोकं मोजून तीन कशी लिहीन मी?

वय झालं, असं मी मनाशी म्हटलं. सदुसष्ट हे काही कमी नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद खिडकीशी धरला. कुणी ठिगळ लावलं असेल, पुट्टी भरली असेल, तर उजेडात दिसतं. कागदाचे तंतू या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड होते आणि सहीतला फराटा जिथे तुटायला हवा होता तिथे शाई वाळून चकाकत होती.

त्याच आठवड्यात आणखी दोन कागदांची भोकं गेली.

३

गावात जुन्या बँकेच्या इमारतीत गानिक्स एचेव्हेरीचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. गानिक्स मूळचा स्पेनकडचा बास्क, मेंढपाळाचा मुलगा. पोट एवढं मोठं की गल्ल्यामागून बाहेर यायला त्याला आडवं व्हावं लागतं. मी ते तीन कागद आणि माझी तीन कार्डं त्याच्यापुढे मांडली.

त्यानं बराच वेळ भिंग लावलं. मग भिंग खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"नोलाबाई, तुझ्या नवऱ्याला लॉटरी लागलीय आणि तुझं तोंड मयताला आल्यासारखं का?"

"गानिक्स, यातला एक कागद तूच विकलास आम्हांला. मागच्या ईस्टरला. भोकं होती की नव्हती?"

"असतील."

"असतील की होती?"

"बाई, माझ्याकडून रोज चाळीस वस्तू जातात. भोकं असती तर मी स्वस्तात दिला असता. स्वस्तात दिला, म्हणजे होती." आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं कागद पटकन माझ्याकडे सारले. "हे बघ, घरी जा. ऑरिनला मटणाचा रस्सा खायला घेऊन ये शुक्रवारी. एवढा विचार करू नये माणसानं."

घरी आले तर ऑरिन अंगणात गाडीचं बॉनेट उघडून शीळ घालत उभा होता.

"वाहतूक खात्यातल्या पोरीनं काय केलंय बघ," म्हणत त्यानं खिशातून वाहन परवाना काढला. "जुना परवाना रद्द करताना भोकं पाडतात ना? या शहाणीनं नव्यालाच पाडली. आणि मी दोन महिने तसाच हिंडतोय."

परवान्यावर, त्याच्या सहीच्या जागी, तीन भोकं होती. ओळीत. मधलं केसभर खाली.

"तू तो दोन महिन्यांत एकदाही पाहिला नाहीस?" मी विचारलं.

"आपला चेहरा कोण बघत बसतो?" तो म्हणाला आणि इंजिनात वाकला. तो इतका प्रसन्न होता की मला पुढे बोलवेना.

४

नंतर त्याच्या वाचनालयाच्या कार्डावर तीच तीन भोकं आली. मग निवृत्तिवेतनाच्या पत्रावर. एकेक सापडलं की मी त्याचं कारण शोधायचे. वाचनालयात नवा पंच आलाय. निवृत्तिवेतनवाल्यांचं यंत्र बिघडलंय. यांतलं प्रत्येक कारण एकटं उभं राहायचं. सगळी एका ओळीत ठेवली की मात्र एकही टिकायचं नाही.

वहीतली भोकं भरतच होती. महिनाअखेरीस अडतीसपैकी पाचच कागद रद्द उरले.

पण मला सगळ्यांत जास्त खटकलं ते हे नव्हे. ऑरिननं दुपारची कॉफी सोडली.

"जरा फिरून येतो," म्हणून तो अडीचलाच निघायचा आणि पाचच्या सुमारास परतायचा, भुकेला, गाल लाल, डोळे चमकत असलेले. मटण-बटाटा भरलेल्या दोन पास्ट्या एका बैठकीत संपवायचा. झोप मुलासारखी लागायची. गुडघ्याची कुरकुर थांबली होती. अशा माणसाकडे कुठल्या तोंडानं तक्रार करायची?

एकदा त्याचा कोट टांगताना माझा हात ओला झाला. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या. एप्रिलपासून मर्सी फ्लॅटवर पावसाचा थेंब पडला नव्हता, आणि चाळीस मैलांत ओढा नाही. कोटाला ओल्या दगडाचा वास येत होता, तळघरात येतो तसा, पण त्याहून खोल.

"ऑरिन, पाणी कुठे लागलं तुला?"

"पाणी?" त्यानं बाहीकडे पाहिलं आणि हसला. "खरंच की. ठिबकतं तिथे."

"कुठे?"

"मंडळी चांगली आहेत गं तिथली. बोलत नाहीत फारशी. पण जागा करून देतात."

"कुठली मंडळी?"

"हं?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी बोलून गेले होते. "रस्सा उरलाय का कालचा?"

मी त्याला वाढलं. तो जेवत असताना मी समोर बसून त्याच्याकडे बघत राहिले. तोच कान, तोच हनुवटीवरचा वण. माझा नवरा. तो बोटानं टेबलावर हळूहळू ठेका धरत होता. थोड्या वेळानं मला कळलं की तो ठेका त्याचा नव्हता. कुठेतरी लांब, जमिनीखालून की टेकडीपलीकडून ते सांगता येणार नाही, कप्पीवरून साखळी घसरत असल्याचा आवाज येत होता आणि तो त्याला साथ देत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर मी आमच्या लग्नाचं सर्टिफिकेट काढायला ड्रॉवर उघडला. कागदावर माझी सही होती. ऑरिनच्या सहीच्या जागी तीन भोकं.

घरातला कागद ही नक्कलच असते. अस्सल नोंद कचेरीत असते, आणि ती माझ्या हातची होती. मी माझी गाडी काढली.

५

कचेरीत माझ्या जागी आता मार्लिस बसते. ऑरिनच्याच बसमधून शाळेत गेलेली. तिनं चौदावं पुस्तक आणून दिलं. मी पान दोनशे सहा काढलं.

भोकं होती. मी पान उलटलं. मागच्या बाजूला दुसऱ्या जोडप्याची नोंद असते. ती अखंड होती. कागदाच्या एका बाजूला आरपार भोक आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. मी पान चार वेळा इकडून तिकडे केलं.

"मार्लिस, इकडे ये. तुला काय दिसतं?"

ती वाकली. "अरे देवा! भोकं कुणी पाडली? उंदीर शिरले की काय?" तिनं पान उलटलं. पुन्हा सरळ केलं. मग हळू आवाजात म्हणाली, "इथे नाव कुणाचं होतं?"

"ऑरिनचं."

"कोण ऑरिन?"

मी त्या भोकांवर बोट ठेवलं.

"माझा नवरा, मार्लिस. तुला रोज शाळेत नेणारा. तुझा डबा विसरला तर परत बस फिरवणारा."

"हो हो," ती म्हणाली. "हो, अर्थात." पण हे म्हणायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एक घर पुढे सरकला होता.

तीनला वीस मिनिटं कमी होती. कोटाचा तो वास खाणीचा होता. मी थेट लिटल हॅनाच्या रस्त्याला लागले.

६

खाण १९०९ पासून बंद आहे. तोंडावर तारेचं कुंपण आहे आणि पाटी आहे. बाजूला पत्र्याची एक लांब खोली अजून उभी आहे. त्या खोलीला खाणवाले वाळवण म्हणायचे. पाळी संपली की माणसं तिथे ओले कपडे साखळीच्या आकड्याला लावून छताशी ओढून घ्यायची, वरच्या उबेनं वाळावेत म्हणून. निम्मं छप्पर मागेच उडालंय. गावातली पोरं तिथे बिअर प्यायला जातात, त्यामुळे आत कुणी असेल तर तीच असणार, असं मी गाडीतून उतरताना स्वतःला बजावलं.

ऑरिनची गाडी कुंपणाशी उभी होती. ऊन लख्ख होतं. वारा नव्हता.

वाळवणाचं दार अर्धवट उघडं होतं. आतून पाणी ठिबकत होतं. एका ठिकाणचं नव्हे. खूप ठिकाणांहून, मागेपुढे.

मी दार ढकललं.

साखळ्या गंजायला हव्या होत्या. त्या तेल दिल्यासारख्या काळ्या चमकत होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला वर छताशी कपडे टांगलेले होते. कोट, विजारी, खाली बूट बांधलेले. सगळ्यांतून पाणी गळत होतं. जिथे छप्पर नव्हतं तिथेही ते टांगलेले होते, उघड्या आभाळाला. ते कशाला अडकले होते ते मी बघितलं नाही.

टोकाला पश्चिमेची खिडकी होती आणि खिडकीपुढे ऑरिन पाठमोरा उभा होता. शीळ घालत होता, गाडी धुताना घालतो ती. एक हात वर करून तो एक रिकामी साखळी खाली ओढत होता.

खिडकीतून ऊन त्याच्यावर समोरून येत होतं. आणि त्याच्या पाठीतून, दोन खांद्यांच्या मध्ये, उन्हाचे तीन बारीक झोत माझ्या दिशेनं येत होते. धुळीत ते स्पष्ट दिसत होते. त्यांतला एक माझ्या हातावर पडला होता. मधला. तो थंड होता.

मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मला त्याचं नाव आठवेना.

तो माझा कोण हे ठाऊक होतं. त्याचा वास, कॉफीत घालायची साखर, पहिल्या बायकोच्या आठवणीनं दरवर्षी एकदा होणारा गप्प दिवस, सगळं ठाऊक होतं. नावाच्या जागी मात्र काही नव्हतं. जीभ तिथे जायची आणि परत यायची, पडलेल्या दाताच्या जागी जाते तशी.

साखळी आणखी हातभर खाली आली. त्यानं कोटाचं वरचं बटण काढलं.

मग मी जे केलं ते विचार करून केलं नाही. एकतीस वर्षांची सवय होती. कुणी खिडकीशी येऊन नोंद मागितली की आम्ही ती पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायचो.

"पुस्तक चौदा," मी म्हटलं. आवाज माझाच होता, कचेरीतला. "पान दोनशे सहा. नोंद तिसरी. दिनांक नऊ मे एकोणीसशे एक्याऐंशी. वधू नोला ग्रेस अ‍ॅमंडसन, वय एकसष्ट, अविवाहित, व्यवसाय कारकून. वर…"

शीळ थांबली.

"वर…" मी पुन्हा म्हटलं, आणि थांबले नाही, कारण थांबले असते तर संपलंच असतं. लिहिताना हात जसा आपोआप पुढच्या रकान्यात जातो, तसं ते आलं. "ऑरिन पास्को ट्रेगास्किस, वय चौसष्ट, विधुर, व्यवसाय बसचालक. साक्षीदार दोन. शुल्क भरले."

तो वळला. माझ्या हातावरचा उजेड गेला.

"नोला?" तो म्हणाला. "तू इथे काय करतेस? चप्पल तरी धड घालून यायचं. इथे काचा आहेत."

मला हसू आलं की रडू ते माहीत नाही. तो माझ्याकडे यायला निघाला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ठिबकणंही थांबलंय. एका थेंबाचाही आवाज नव्हता. वरचे सगळे कपडे अगदी स्थिर होते आणि सगळ्यांची तोंडं, म्हणजे जिथे गळपट्टी असते ती बाजू, माझ्याकडे होती. आत येताना ती तशी नव्हती.

ती ऐकत होती.

१९०९ सालच्या मृत्यूंच्या पुस्तकाची बांधणी कुजली तेव्हा त्याची नक्कल मी केली होती. एका पानावर या खाणीतल्या सतरा जणांची नावं आहेत, एकाच तारखेची. कारणाच्या रकान्यात सतरा वेळा 'पाणी' असं लिहिलंय. ती नावं मला तेव्हाच पाठ झाली होती. आजही आहेत. माझ्या ओठांवर पहिलं नाव आलं होतं.

मी ऑरिनचा हात धरला, त्याला दाराबाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. गाडीत बसेपर्यंत मागे पाहिलं नाही. आतून कुणी काही केलं नाही. एकदाच, अगदी सावकाश, एक साखळी वर गेल्याचा आवाज आला.

७

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी टेबलाशी बसून लिटल हॅनाचे सगळे कागद रद्द केले. गानिक्सकडून चामड्याचा पंच आणला. ऑरिन कागद सपाट धरायचा आणि मी दाबायचे. त्याला का म्हणून विचारावंसं वाटलं नाही. एकदाच म्हणाला, "मधलं जरा खाली घे." मी तिन्ही मुद्दाम सरळ ओळीत पाडली. गानिक्सला कळलं तेव्हा त्यानं बास्कमध्ये काहीतरी लांबलचक म्हटलं आणि महिनाभर आम्हांला रस्स्याला बोलावलं नाही.

ऑरिनचे कागद भरून आले नाहीत. आम्ही नवे काढले. मार्लिसनं पान दोनशे सहावर दुरुस्तीची नोंद घातली आणि ऑरिननं तिच्यासमोर सही केली. तिनं त्याला पाहिल्यावर मिठी मारली, जरा जास्तच घट्ट. त्याचा कोट मी उन्हात धरून पाहिला, अस्तर उलटं करून पाहिला. कुठे धागाही उसवलेला नव्हता. त्याच्या पाठीकडे मात्र मी कधी निरखून पाहिलं नाही. आंघोळीनंतर तो टॉवेल मागतो तेव्हा मी तो दारातून देते.

याला आता तीन वर्षं झाली. ऑरिनचा गुडघा पुन्हा कुरकुरायला लागला आणि मी त्याबद्दल देवाचे आभार मानले. तीनची कॉफी पुन्हा सुरू झाली. आता तो जुन्या रेल्वेची तिकिटं जमवतो. त्यांना भोकं असतात, पण ती कंडक्टरनं पाडलेली, वाटेल तिथे, वेडीवाकडी. आम्ही सुखात आहोत. खरंच आहोत. दुपारी वारा पडला की मी रेडिओ जरा मोठा करते, एवढंच.

त्यानं त्या दिवसाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. मागच्या रविवारी न्याहारीला, अंड्याचं कवच सोलता सोलता, वर न बघता म्हणाला,

"नोला, तू माझं नाव वाचलंस ना तिथे?"

"हो."

"त्यांना वाटलं, तू पुढचं पान काढशील."

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"तुला माहीत होती का गं त्यांची नावं?"

खिडकीबाहेर शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. आयुष्यभर मी खोटी नोंद केली नव्हती, कुणासाठीही नाही, आईच्या वयाच्या बाबतीतसुद्धा नाही.

"नाही," मी म्हटलं. "मला कुठली माहीत असायला?"

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग अंडं मधोमध कापलं आणि माझ्यापुढे हात पसरला.

"मीठ दे."